की

मॅरेथॉन हे इथे गावाचं नाव आहे.
पुलांच्या माळेत मधेच ओवलेलं गाव,
एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला आखात,
मधून डांबराचा एकच रस्ता, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही.
फ्लोरिडात या बेटांना 'की' म्हणतात.
आणि माझ्या टेबलावरची ही जाड चोपडी, प्राणी ओळखायची,
तिलाही 'की' म्हणतात.
मी ती मनात मराठीत वाचते:
शेपटीचं टोक गोल, की खाच पडलेलं?
मिशा डोक्याहून लांब, की आखूड?
असेल तर सातवर जा. नसेल तर थेट तेविसावर.
दिवसभर जात विचारते मी,
इथे कुणी दचकत नाही.

पुढे आमिषाचं दुकान, मागच्या खोलीत आम्ही.
गोठवलेल्या कोळंबीचा वास भिंतीतून झिरपतो.
नवी पोरं नाक मुरडतात. मला भूक लागते.

परवा गुडघाभर पाण्यात, कासवगवताच्या मुळाशी,
रस्टिनने मेलेल्या प्रवाळाचा तुकडा उचलला,
बादलीत झटकला, परत टाकून दिला.
तळाला जो गाळ उरला, त्यात हा.
कणीहून बारीक.
दारूत पडला की रंग उडतो, म्हणून आधी रंग लिहायचा.
पाठीवर ठिपके: विटकरी. नाही, काताचे.
काताला चुना लागतो ना, त्या क्षणाचे.
वहीत इंग्रजीत लिहिलं, ब्राउन.

ओपल ट्रेडवेल शिकवायची, आधी पाय मोज, नाव मागाहून.
मोजले. सहा जोड्या.
सुईने पालथा केला, परत मोजले. सहा.
या कुळात सगळ्यांना सात असतात,
सगळ्यांना, ध्रुवापासून इथवर, लाकूड पोखरणाऱ्यांनाही.

दोन रात्री झोपले नाही.
नवी जात! नाव सुद्धा ठरवून टाकलं, आत्याचं, लॅटिन शेपूट लावून.
वेंगुर्ल्याच्या खळ्यात ती जवळा पसरायची
आणि बोटांनी निवडायची, न बघता, गप्पा मारत:
हे माकूल, ही मांदेली, हे कुर्लीचं पोर,
आणि हा? देव जाणे.
देव जाणेंची पाटी वेगळी होती.
ती कधी फेकली नाही तिने, विकलीही नाही.
काय करायची त्याचं, विचारायचं राहून गेलं.

शुक्रवारी ओपल आली. मोतीबिंदू उतरलेला,
तरी भिंगावर वाकली, बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, सातवी जोडी तुटलीय,
की फुटायचीय?

उजेड तिरका केला. शेवटच्या मणक्याखाली,
कातडीच्या आत, दोन कोंभ.

पोर आहे हे.
आईच्या पोटाखालच्या पिशवीतून नुकतंच उतरलेलं,
एक कात टाकली की सातवे पाय येतील. आले असते.
पोरांना नाव देता येत नाही.
सगळ्या चोपड्या वयात आलेल्या नरांसाठी लिहिल्यात, ओपल म्हणाली,
आणि चहा शोधायला गेली.

मी आत्याचं नाव खोडलं, हलकेच, रबराने.
चिठ्ठीवर कुळ लिहिलं, खोली लिहिली, तारीख,
आणि जातीच्या जागी ती दोन इंग्रजी अक्षरं, टिंब देऊन,
जगभर जी लिहितात, ज्यांचा अर्थ
आत्याला सांगावा लागला नसता.
पेन्सिलीनेच. शाई दारूत विरघळते.

उद्या ओहोटी सहा दहाला.
त्या तुकड्याला एक भोक होतं, अंगठा जाईल एवढं,
एका बाजूला शेंदरी स्पंज.
रस्टिन म्हणतो, असे लाखो असतात.
सापडलाच, तर आई आत असेल.
की नसेल.