इतिवृत्त

इंदोऱ्याच्या विहारात कूलर गळतोय, खाली बादली.
विषय पहिला : शिबिरातली पोरं
दहा दिवसांत चीवर घडी करून परत देतात.
कुणाची परीक्षा असते,
कुणाची आई फाटकाशी उभी.
विषय दुसरा : विहाराची किल्ली कुणाकडे?
इथे आवाज चढले.
मागच्या रांगेतून भिक्खुणी खेमाबोधी म्हणाल्या,
आमचा विषय कितवा?
लिहून घेतलं.
उत्तर आलं नाही, तेही लिहिलं.

पावणेबारा.
भन्ते शीलवंसांनी इन्सुलिन टोचून घेतलंय केव्हाचं,
बोलले नाहीत. बोटं थरथरतात.
बारानंतर घास नाही.
चर्चा किल्लीवरच.
खेमाबोधी उठल्या,
वरणभाताचं पात्र
त्यांच्यापुढे ठेवून गेल्या.

वृद्ध भिक्खूंना कोण बघणार,
हा विषय सातवा होता.
वेळेअभावी राहिला.