चहूबाजूंनी

एकतीस वर्षं पाचवीच्या फळ्यावर
मी बेट काढलं. एक वेडावाकडा गोल,
भोवती निळ्या खडूच्या लाटा, आणि खाली
चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन.
मुली उतरवून घेत.
इंदूरच्या मुली, खान नदीचा नाला सोडून
पाणी न पाहिलेल्या.
मी तरी कुठे पाहिलं होतं.

तंबू भाच्याचा, माळ्यावर पडलेला.
नलूवन्सं म्हणाल्या, चल.
त्र्याहत्तर पूर्ण, गुडघ्याला पट्टा,
आणि चल म्हणाल्या
जसं रात्री सराफ्यात चल म्हणतात.

मुंदीपर्यंत बस, मग जीप, मग गेंदालालची डोंगी.
डोंगीच्या बुडाशी पाणी,
ते उपसायला तेलाचा कापलेला डबा.
डबा माझ्या हाती दिला गेला.
निवृत्त मुख्याध्यापिका, उपसत राहिले.
काठावरची माणसं आधी गेली, मग म्हशी,
मग मोबाईलचा मनोरा, ज्याच्यावर आमची भिस्त.

उद्या किती वाजता? विचारलं.
त्यानं हात आभाळात तिरपा धरला : इत्ता.
डोंगी दिसेनाशी झाली तरी
वल्ह्याचा आवाज बराच वेळ मागे राहिला होता.

खडकात खुंट्या जाईनात.
दोन दोऱ्या दगडांना, एक सागाच्या खुंटाला,
एक दशम्यांच्या पिशवीला बांधली.
पाण्यात उभी वाळकी झाडं,
त्यांवर पाणकावळे, पंख वाळत घातलेले.
हिंदी बोलायला इथे कोणीच नव्हतं,
तरी तंबूत शिरणाऱ्या सरड्याला मी
चल हट, असंच म्हणाले.
वन्सं म्हणाल्या, त्याला मराठी कळलं असतं.

माघाची थंडी. दोघींत एक रजई.
चाळीस वर्षं एका घरात, पण मध्ये भिंत,
भिंतीवर घड्याळ, घड्याळाखाली हे.
आता मध्ये फक्त त्यांचं घोरणं.

दोनच्या सुमाराला उठवलं त्यांनी. बाहेर जायचं होतं.
एका हातात टॉर्च, दुसऱ्यात त्यांचा हात,
हळदीकुंकवापलीकडे कधी न धरलेला,
सुकल्या आवळ्यासारखा.
परत येताना म्हणाल्या,
तुझं वरण मला कधीच आवडलं नाही.
हिंग फार.

मी थांबले.
तुम्हाला हिंग आवडतं म्हणून तर.
कोण म्हणालं?
हे म्हणाले होते. लग्नानंतर आठवड्याभरात.

यांना जाऊन नऊ वर्षं. आता कोणाला विचारणार.
आणि मग हसू आलं,
आधी त्यांना, मग मला, मग थांबेचना,
टॉर्चचा उजेड आभाळभर हेलकावे खात होता
आणि पाण्यावरून कुठलासा पक्षी
आमच्यावर ओरडत उठला.

सकाळी काल काठाशी ठेवलेला खडा
पाण्यापासून वीतभर लांब होता.
मी सरकवला नव्हता.
सूर्य इत्ता झाला, मग इत्त्याच्या दुप्पट.
डोंगी नाही. उरलेल्या दशम्या, जिरावन लावून.
वन्संना वाळूत अर्धं कौल सापडलं,
त्यावर कोणाच्या तरी बोटांचे तीन ठसे,
ओलं असताना उमटलेले.
त्यांनी आपली बोटं ठेवून पाहिली.
बसली नाहीत. लहान मुलाचे असावेत.

गेंदालाल आला दुपारी. डिझेलचं म्हणाला, मग सासऱ्याचं म्हणाला.
कौल पाहिलं, उलटं केलं,
काही न बोलता पुन्हा काठावर ठेवलं,
पाणी जिथपर्यंत येतं त्याच्या वर.
मी म्हटलं, छान आहे तुमचं बेट.
बेट कायका, बैनजी. ये तो टेकड़ी है.
ह्यां बकऱ्या चरती थी.
जेठ म पैदल आई जाजो.

फळ्यावर मी कधी लिहिलं नाही
पाणी किती महिने.

डबा उचलला, उपसायला लागले.
समोर वन्सं बोटांच्या पेरांवर
महिने मोजत होत्या.
त्यांचा जेठ, म्हणाल्या,
आपल्याआधी पंधरवडा लागतो.