सदृश

चार अंशांच्या खोलीत दोन स्वेटर चढवून
मी तुझी वाट पाहते आहे.
निकेलच्या मण्यांना तू शेपटीनं घट्ट धरलंयस.
सहा हिस्टिडिनची शेपटी, आम्हीच जोडलेली,
जन्माची नव्हे.
थेंब. मग बराच वेळ काही नाही. मग थेंब.

जनुक कुणा माणसाचं. कुणाचं, ते कुणी लिहून ठेवलं नाही.
वाढलंस मात्र लष्करी अळीच्या पेशींत,
फिरत्या चंबूत, सत्तावीस अंशांवर,
तीन दिवस, जन्मभर मका कुरतडणाऱ्यांच्या घरात.
खिडकीबाहेर समुद्राकडून धुकं आत आलंय,
टे नदीवरचा पूल अर्ध्यातच संपतो.

ओइहाना बिल्बाओहून आली, तिला अजून घाई आहे.
तीन आठवडे मोजणीयंत्र तेच सांगतंय:
पाण्याइतकंच. पाण्याहून थोडं कमी.
'नेटा, पुन्हा एकदा कर. हे मेलंय.'
मी तिला जेल दाखवते.
एकच निळा पट्टा, जिथे असायचा तिथेच.
मेलं नाही, पोरी. घडी नीट बसलीय.
फॉस्फेट उचलत नाही, एवढंच.

डबीवर छापतात ते: काइनेज-सदृश.
म्हणजे तोंडावळा सगळा घराण्याचा,
खोबणसुद्धा आहे, पण खोबणीत
ज्या जागी एक अस्पार्टेट हवं
तिथे भलतंच कुणी येऊन बसलेलं.

आमच्या डंडीत अशा पुरुषांना
किटली-तापवे म्हणायचे.
तागाच्या गिरणीला बायका हव्या असत, पोरं हवी असत,
पोरगा अठराचा झाला की घरी,
मोठ्या माणसाचा पगार कोण देणार?
माझा बाप, डॉड कूट्स, एकोणीसशे एकतीस साली घरी आला
तो घरीच राहिला.
खायला काळ, भुईला भार, असं आत्या म्हणायची,
त्याच्यासमोर, त्यानंच केलेला स्कोन खात.

भोंगा साडेपाचला.
सात मिनिटं आधी तो किटली चुलीवर ठेवायचा.
आई यायची केसांत तागाची कुसं घेऊन,
कान मागांनी कधीच खाऊन टाकलेले,
म्हणून तो बोलत नसे.
कप तिच्या हातात द्यायचा
आणि तिची बोटं कपावर नीट बसेपर्यंत
आपला हात काढून घ्यायचा नाही.
मग ती बोलू लागायची. रात्रीपर्यंत बोलायची.
कोण पडलं, कुणाला काढलं, कुणाचं लग्न.

गुरुवारी ओइहानानं कंटाळून
तुला दुसऱ्या एका नळीत टाकलं.
त्यात खरा काइनेज होता, पण आळशी,
महिनाभर नुसता पडलेला.
एकशे चाळीस.
एकशे बावन्न.
नऊ हजार तीनशे.
ती बास्कमध्ये काहीतरी बोलली, शिवी असावी.
परत केलं. नऊ हजार शंभर.
तू काहीच केलं नव्हतंस.
त्याला धरून उभं होतंस फक्त.

ती फोनकडे धावली. निबंध होईल, नाव होईल,
तिच्या आईला मोठ्यानं सांगत होती.
मी तुला पन्नास-पन्नास मायक्रोलिटरमध्ये वाटलं,
लेबलं लावली, लिहून लिहून हात गारठला:
फक्त संशोधनासाठी. माणसांत वापरू नये.
चौदाव्या नळीशी माझं पेन थांबलं थोडं.
मग पंधरावी.
उणे ऐंशीचं दार बंद करताना
त्याची वाफ चष्म्यावर आली, बाकी काही नाही.

बापाला हे सांगायला हवं होतं, असं बसमध्ये वाटलं.
पण काय सांगणार होते?
त्याला शास्त्राचं वावडं, आणि स्तुतीचं त्याहून जास्त.
'चहा घे,' म्हणाला असता.

घरी येऊन किटली लावली.
विजेची. दोन मिनिटांत आपोआप बंद होते.
उरलेल्या पाचांचं काय करायचं
ते मला कळेना.