सीझन संपल्यावर

शेवटचे पाहुणे लेहच्या विमानतळावर सोडून आबा-ले घरी आले
आणि टपावरचे दोर न सोडताच म्हणाले,
उद्या त्सो मोरिरीला जायचं. सगळ्यांनी.
आमाचे हात कणकेत. तिने वर न बघता विचारलं,
"कोणाचं बुकिंग?"
"आपलं."

पुढच्या सीटवर आमा पहिल्यांदाच बसली.
आजवर त्या सीटवर तिने नुसतं फडकं मारलेलं.
समोरचा कप्पा उघडला, तर आत
एकाच कानातलं,
उन्हाच्या क्रीमची पिळून चपटी झालेली नळी,
आणि कुणा पोराने काढलेला याक, सहा पायांचा.
"राहू दे. विचारत येतील."
सात वर्षांत कोणी विचारत आलं नव्हतं.

उपशीचा पूल गेला आणि आबांचं तोंड सुरू झालं.
ही सिंधू. हा डोंगर बघा, जांभळा, का जांभळा ते सांगतो.
पुढे चुमाथांग, गरम झरे, अंडं उकडून निघतं.
पाणी पीत राहा, पळू नका, डोकं दुखलं तर लगेच बोला.
नामगैल खिडकीला नाक लावून हसत होता.
मागून मेमे-ले म्हणाले,
"मोटुप, याच वाटेने मी मिठाच्या मेंढ्या हाकल्यात.
तू उंची कोणाला सांगतोस?"
आबा गप्प झाले.
दोन वळणं.
मग हळूच, जणू स्टिअरिंगलाच: "डावीकडे क्यांग आहेत."
खरंच होते. अकरा. कोणी फोटो काढला नाही.
ते उभे राहिले, आम्ही उभे राहिलो,
मग त्यांनाच कंटाळा आला.

खिंडीत आम्ही सगळे ओरडलो, की की सो सो,
मेमेंचा आवाज सगळ्यांत फाटका आणि सगळ्यांत मोठा.

कोरझोकच्या गोम्पात लोणी नेलं होतं, डब्यात, घरचं.
लामांनी ते दिव्यांत घालण्याआधी
मेमेंना सातूचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं,
आणि छताचा तो कोपरा दाखवला
जिथून उन्हाळ्यात बर्फ नाही, पाऊस गळतो हल्ली.
भिंतीवरच्या हिरव्या तारेच्या खांद्यावरून
चिखलाचा एक ओघळ उतरला होता.
मेमे बराच वेळ तिथेच.
आबांनी घड्याळ पाहिलं. सवयीने. मग ते काढून खिशात टाकलं.

सरोवर खाली होतं.
त्याचा रंग मी सांगणार नाही,
वहीत तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला.
हंस निघून गेले होते, काठावर पिसं राहिली होती.
आम्ही धावलो (पळू नका, पळू नका!)
आणि मागे वळून पाहते तर
आबा गाडीपाशी, काच पुसतायत.

"या की."
"तुम्ही जा. मी इथे आहे."

आमाने चपला हातात घेतल्या, चढ चढून परत गेली,
काही बोलली. वारा होता, ऐकू आलं नाही.
पण आबांचं उत्तर आलं, वाऱ्याबरोबर खाली:
"साठ वेळा आलोय गं. साठाहून जास्त.
हात नाही लावला कधी."

मग ते उतरले. बूट काढले, मोजे बुटांत नीट कोंबले,
आणि घोट्यापर्यंत पाण्यात गेले
आणि असे किंचाळले
की गावातली कुत्री भुंकायला लागली.

फोटो मी काढला. आबा म्हणाले, मी काढतो, मला जमतं,
थोडं डावीकडे, ऊन पाठीशी नको, आणखी एक.
म्हटलं, नाही. तुम्ही उभे राहा.
उभं कुठे राहायचं ते त्यांना कळेना.
आमाच्या शेजारी? मेमेंच्या मागे?
शेवटी नामगैलने ओढून मधे आणलं.

फोटो तिरपा आलाय. निम्मं सरोवर कापलं गेलंय.
मेमेंचे डोळे मिटलेले.
आणि आबा ताठ, ओल्या पायांनी, मुठीत काहीतरी घट्ट धरून.
मोठं करून पाहिलं तर
गाडीची किल्ली.

परतीला आमा पुढच्या सीटवर झोपली,
तोंड किंचित उघडं, मांडीवर तो सहा पायांचा याक.
आबांनी गाणी बंद केली.
माहे येईपर्यंत एकही खड्डा
तिला कळू दिला नाही.