पंगत

उचगावच्या वळणावर, टायरच्या दुकानामागं
सुभेदार हरदित सिंगानं पेन्शन लावून
गुरुद्वारा उभा केला. घुमट लहानच,
आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या टाकीएवढा.
नावांची शिळा माझ्याकडं आली.

काळवत्री दगड. एकोणीस नावं.
एकाच रात्री, बर्फाच्या एकाच कड्याखाली गेलेली.

आमच्या वाडवडलांनी वीरगळ घडवले.
खाली लढाई, मधे अप्सरा, वर पिंड,
टोकाला चंद्र-सूर्य.
नाव कुणाचंच नाही.
गावाला ठाऊक असायचं, म्हणून कोरलं नाही,
आणि मग गावच विसरलं.

इथं नुसती नावंच. तीही गुरुमुखीत.
कागदावर काढून दिलेलं गिरवत गेलो,
पाटीवर गिरवायचो तसं, जीभ दातात धरून.
दर ओळीच्या शेवटच्या शब्दात एक म.
म्हटलं, सुभेदार, सगळ्यांचं आडनाव म वरनंच कसं?
तो हसला. "मिस्त्री, तुमचा म तो आमचा स. सिंग."

अठरा वेळा हातानं म कोरला,
तोंडानं स म्हटलं.

एकोणिसावा आपल्यातला.
निवृत्ती चौगुले, वायरलेसवाला, राधानगरीकडचा.
त्याची ट्रंक पोचवायला
सुभेदार सत्याऐंशी साली इथं आला
आणि परत गेलाच नाही.
का, ते विचारलं की चहा मागवतो.

"याचं मराठीत कोर," म्हणाला,
"आईला वाचता यायला हवं."

आई, अनसूयाबाई, पायरीवर बसलेली,
लंगरसाठी आणलेला गुळाचा रवा मांडीशी धरून.
"मला कुठलं वाचता येतंय?
मराठी काय नि पंजाबी काय.
त्यांच्यासारखंच लिवा.
सगळी एका पंगतीला बसलीत,
माझ्या पोराचं पान तेवढं बाजूला मांडू नका."

चौगुले कोरून झालं
आणि हात थांबलाच नाही.
सवयीनं छिन्नी पुढच्या म कडं वळली.
टवका उडाला.
जिथं सिंग यायचा, तिथं
जोंधळ्याएवढा खड्डा.

दगडात खोडता येत नाही.
रात्रभर कूस बदलत राहिलो. सकाळी म्हणालो,
शिळा नवी घडवतो, मजुरी नको.

सुभेदार काही बोलायच्या आत
अनसूयाबाई उठली, पदर सारखा केला,
आणि वरच्या ओळीपासनं बोट फिरवत खाली आली.
अठरा पोरांपाशी जरा जरा थांबत,
कुणाला ताप आहे का बघावं तसं.
मग बोट त्या खड्ड्यात बसलं.

"ह्यो माझा," म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."

परवा गेलो होतो टायर बदलायला.
आत डोकावलो, डोक्याला रुमाल बांधून.
शिळेवर शेंदूर नाही, तेल नाही,
नुसती पुसून ठेवलेली.
खड्ड्यात कडाप्रसादाचा एक कण
आणि वरच्या नावांवरनं
त्याच्याकडं निघालेली मुंगी.