उणे साडेसात

चष्मा जग लहान करतो,
हे मला कळलं एकावन्नाव्या वर्षी,
ग्दान्स्कच्या मारियात्स्का गल्लीत,
कुरेकच्या दुकानातल्या उंच स्टुलावर,
बोटाच्या टोकावर एक ओला थेंब घेऊन
सातव्यांदा डोळा ताणून धरताना.

आठव्यांदा तो आत गेला
आणि माझे हात मोठे झाले.

खरंच सांगते. आधी हात.
मग कुरेकचं नाक, काउंटर, दाराबाहेरच्या
दगडी पायऱ्यांवरची कबुतरं,
सगळं एक पाऊल पुढे सरकलं.
उणे साडेसातच्या काचा इतकी वर्षं
प्रत्येक वस्तूतून थोडं थोडं काढून घेत होत्या,
वाण्याने मापात मारावं तसं,
आणि मी मुकाट्याने पैसे मोजत आले.

पण ते मोठं झालेलं सगळं धूसर होतं.
ट्रामवर आठ होता, की तीन, की सहा?
प्रत्येक अक्षराच्या पाठीशी त्याचंच
एक फिकट भावंड, जरा उजवीकडे.
पापण्या मिटा, कुरेक म्हणाला. मिटल्या.
अक्षर जागेवर आलं.
पुन्हा पापणी लवली, पुन्हा उठून गेलं,
बाकावर न टिकणाऱ्या पोरासारखं.
तुमचा नंबर तिरपा, तो म्हणाला,
लेन्स फिरते डोळ्यात. बसेल हळूहळू.
किती हळूहळू?
त्याने खांदे उडवले आणि पावती फाडली.

लेन्स हव्या होत्या ल्युत्सिनाला, माझ्या बहिणीला.
म्हणाली, किंगाच्या लग्नात तरी
डोळे दिसू देत तुझे. आईवर गेलेत ते.
असतील. मला काय माहीत?
मी चष्मा काढला की आरसाच नाहीसा होतो.

माझं काम अंबर निवडायचं.
चष्मा कपाळावर ढकलायचा, खडा
नाकापासून वितीच्या आत धरायचा,
की आतल्या चिलटाच्या पायावरचे केससुद्धा दिसतात.
कारखान्यात तिघांकडे भिंगं आहेत,
माझ्याकडे माझा अधूपणा.
लेन्स घालून खडा उचलला त्या दिवशी
चिलट विरघळलं.
चार कोटी वर्षं टिकलेलं बिचारं,
माझ्या हातात दुसऱ्यांदा मेलं.
आणि लेन्स काही कपाळावर ढकलता येत नाही.

लग्न सोपोतला. समुद्राला लागून हॉल.
मेणबत्त्यांना दाढ्या फुटलेल्या,
व्याह्यांचे चेहरे पाण्यात सोडलेल्या रंगासारखे.
मी एका अनोळखी म्हाताऱ्याला
मामा समजून मिठी मारली, त्यानेही मारली.
मग मी हात धुवायला गेले.

आरशात एक बाई होती. चष्मा नसलेली.
दोन हातांवर. डोळे केवढाले.
नाकावर दोन खाचा, चष्म्याने पाडलेल्या,
पाहुणा गेल्यावर गादीवर राहतात तशा.
आणि तिच्या पाठीशी, जरा उजवीकडे,
फिकट, कडा सुटलेली,
आई.

मी पापणी मिटली नाही.
डोळे झोंबले, पाणी आलं, तरी नाही.
मागून कुणी नळ सोडला, कुणी हसलं,
कुणी विचारलं, बरं आहे ना?
सत्तावीस वर्षांत
ती एवढ्या जवळ आली नव्हती,
आणि मला नीट दिसत नव्हतं,
म्हणूनच दिसत होती.

मग पापणी लवली. लेन्स बसली.
एकच बाई राहिली, बऱ्यापैकी स्वच्छ.

सोमवारी चष्मा. लहान जग, धारदार कडा,
ट्राम आठ नंबरची, चिलट जिथल्या तिथे.
संध्याकाळी कुरेककडे गेले.
तो म्हणाला, दुसऱ्या मागवतो,
या फिरणार नाहीत, अगदी चष्म्यासारखं दिसेल.

नको, मी म्हटलं. याच द्या.
हाच नंबर, हाच तिरपेपणा.

त्याने पेन थांबवलं.
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
मग चष्म्यातून,
आणि वहीत काहीतरी लिहिलं
जे मला उलटंसुद्धा
स्पष्ट वाचता येत होतं.