शेलापागोटे, बारावी ब

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. लिंबावर अजून
उत्तरायणातले चार पतंग: दोन फाटके, दोन हट्टी.
दांडिया बाजारातली आमची शाळा, वरचा मजला,
बाकं भिंतीला सरकवलेली, मधोमध
रसायनच्या प्रयोगशाळेतली बादली.
तिच्यात आमची भविष्यं, चार घड्या घालून.

लिहिली मीच. वर्गात यमक फक्त मलाच जुळतं
असा पाटणकरबाईंचा गैरसमज होता.
अक्षर ओळखू नये म्हणून तीन रात्री डाव्या हाताने खरडलं.
उजव्या हाताचंही कुणाला लागत नव्हतं,
हे नंतर कळलं.

पहिला उठला अभिजित फणसे.
"फणसे काढेल बँक, पण एकच राहील खोट,
परत द्यायची वेळ आली की दुखेल त्याचं पोट."
माझा कंपास आठवीपासून याच्याकडे.
हसला, खिसे चाचपले, बसला.

"आंग्रे होईल पायलट, विमान सुटेल सात वाजता,
बाई पोचतील आठला, 'रिक्षाच नव्हती' म्हणता म्हणता."
मंदाकिनी आंग्रेचं नाव दोनदा पुकारलं.
ती जिन्यात होती.

चिंतन पंड्या, वर्गातला एकटा गुजराती,
आणि मराठीत दोन्ही वर्षं पहिला.
"पंड्या लिहील मराठीचं व्याकरण, जाडंजाड,
आम्ही घेऊ विकत आणि लावू दाराला आड."
त्याने खिशातलं लाल पेन काढलं.
"जाडंजाड नाही, जाडजूड," म्हणाला,
आणि चिठ्ठी दुरुस्त करून मला परत दिली.
म्हणजे डाव्या हाताचं त्याला तरी लागलं होतं.

सगळंच काही हसण्यावारी गेलं नाही.
सुधन्वा शिर्केला मी हवालदार केलं, पोट सुटलेला, चहावर जगणारा.
त्याचे वडील त्याच आठवड्यात सस्पेंड झाले होते.
मला ठाऊक नव्हतं. वर्ग खदखदत होता,
आणि तो चिठ्ठीला घडी घालत होता, घडीवर घडी,
कागदात आणखी घडी मावेना तोवर.

शेवटी उरली निवेदिता रणनवरे. हजेरी क्रमांक एकतीस.
खिडकीशी बसायची. डब्यात थेपले, वेणीला काळी रिबीन,
दोन वर्षांत मला तिच्याबद्दल एवढंच मिळालं होतं.
पहाटे तीनला हार मानली
आणि कोऱ्याच कागदाला घड्या घातल्या.

तिने उघडला. पालथा केला. पुन्हा उताणा.
मग माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या डाव्या हाताकडे.
बोटांना शाई होतीच.
आणि ती वाचायला लागली:

"ज्याने लिहिलं सगळ्यांचं, तो राहील इथेच, रावपुऱ्यात,
मित्र जातील कुठे कुठे, हा यमक शोधील शेवपुऱ्यांत."

बाकं वाजली, बादली वाजली, खाली शिपाईकाकांनी घंटाही दिली.
तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो:
घोगरा, सर्दी झाल्यासारखा. झालीही असेल.
पाटणकरबाईंनी चष्मा पुसला.
"ही कुणी लिहिली रे? बाकीच्यांपेक्षा बरी आहे."

तीस वर्षं झाली. आंग्रे पायलट झाली नाही.
स्टेशनवर बसून तीन भाषांत सांगते
की गाडी उशिराने येत आहे,
आणि तिन्ही भाषांत तिला त्याचं काहीच वाटत नाही.
शिर्केला मी पत्र लिहिणार होतो.

माझं दुकान रावपुऱ्यात. लग्नपत्रिका छापतो.
'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' याला
जोडीची ओळ हवी असली की लोक माझ्याकडेच येतात.
समोर शेवपुरीची गाडी उभी राहते.
तिची ओळ अशी रोज संध्याकाळी सहाला खरी होते.

परवा फणसे आला, मुलीच्या पत्रिकांसाठी.
त्याला विचारलं, "रणनवरे कुठे असते रे हल्ली?"
"कोण रणनवरे?"
निम्मे पैसे दिले, बाकीचे पुढच्या आठवड्यात म्हणाला,
खिसे चाचपत.
मी पावती फाडली. जमा: निम्मे.
बाकी: निम्मे, आणि एक कंपास.